कंसातल्या लेकी

माझं गाव बीबी. तालुका लोणार, जिल्हा बुलढाणा. पुण्यात ऑफिसमध्ये गावाचं नाव सांगितलं की आधी कुणीतरी हसतं आणि मग हमखास विचारतं, "ते मकबऱ्याचं का?" नाही, बीबी का मकबरा छत्रपती संभाजीनगरला आहे. पण हा प्रश्न इतक्यांदा आला की एकदा मी मकबऱ्यातली बीबी कोण ते शोधलं. दिलरस बानू बेगम. औरंगजेबाची बायको, १६५७ साली वारली. एवढी मोठी इमारत जिच्यासाठी उभी राहिली, तिचं स्वतःचं नाव मात्र इमारतीच्या नावात नाही.

आमच्या गावाहून जालन्याकडे निघालं की वाटेत सिंदखेडराजा लागतं. जिजाऊंचं जन्मगाव. दर १२ जानेवारीला तिथे मुंगीला पाय ठेवायला जागा नसते. सिंदखेडचे जाधव हे निजामशाहीतले बडे सरदार. आज मात्र त्या घराण्याला महाराष्ट्रभर ओळख आहे ती लेकीमुळे. लखुजी जाधवांची मुलं इतिहासात येतात ती मुख्यतः मरणाच्या पानावर: २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादला निजामशहाच्या दरबारात लखुजी, त्यांचे मुलगे अचलोजी आणि रघोजी, आणि नातू यशवंतराव यांची हत्या झाली. लेक मात्र उरली, आणि तिच्यामुळे घराणं उरलं.

लहानपणी मला वाटायचं, आपल्या भागात तरी लेकींची नावं विसरली जात नसणार. मग आमच्याच घरची वंशावळ हातात आली.

ही वंशावळ मोठे बाबांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाने, काही वर्षांपूर्वी जातीच्या दाखल्यासाठी काढली होती. सात पिढ्या, चौतीस नावं. सुवाच्य अक्षर, पट्टीने मारलेल्या रेघा. चौतीसपैकी चौतीस पुरुष. माझा धाकटा भाऊ त्यात आहे, मी नाही. माझ्या दोन सख्ख्या आत्या नाहीत. एकही आई नाही. वरून खाली बघत गेलं तर वाटतं, सात पिढ्या आमच्या घरात पुरुषांना थेट पुरुषच होत आले.

दाखल्यासाठी वडिलांकडचीच साखळी लागते, त्यामुळे तशी काढली, हे मला समजतं. पण त्यानंतर तीच घरची अधिकृत वंशावळ झाली. तिची लॅमिनेट केलेली प्रत देवघराच्या बाजूला लागली. मी ती कम्प्युटरवर घ्यायचं ठरवलं आणि मोठे बाबांना फोन करून लेकींची नावं विचारली.

"कायले टाकतं वं लेकीइची नावं? त्या त गेल्या आपापल्या घरी."

ते रागाने बोलले नव्हते. सरळ माहिती देत होते.

---

मी डेटाबेसवर काम करते. तिथला पहिला धडा असा की प्रत्येक नोंदीला एक न बदलणारी ओळख हवी. ती बदलली की मागचा सगळा दुवा तुटतो. मराठी बाईच्या बाबतीत आपण नेमकं हेच करतो. लग्नात आडनाव बदलतं, मधलं वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, आणि अनेक घरांत ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं पहिलं नावही लिहिलं जातं. तीन रकाने आणि तिन्ही बदललेले. आता ती आणि ही एकच, हे कागदावरून कसं सिद्ध करणार?

नामवंत बायकांचंही तेच. पहिल्या महिला डॉक्टर म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे माहेरच्या यमुनाच. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई माहेरच्या मणिकर्णिका तांबे, आणि 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका गोखले. दोन यमुना, दोन मनकर्णिका. या चौघींचं चरित्र लिहिलं गेलं म्हणून माहेरचं नाव आपल्यापर्यंत आलं. बाकीच्यांचं तांदळाबरोबर डब्यात परत गेलं.

आमच्याकडच्या जमिनीच्या कागदांवर हा बदल एका अक्षरात दिसतो. मुलाच्या नावापुढे 'पि.' असतं, म्हणजे पिता अमुक. लग्न झालेल्या मुलीच्या नावापुढे 'भ्र.' येतं, म्हणजे भ्रतार अमुक. नवरा वारला की 'बेवा'. मुलगा जन्मापासून मरेपर्यंत 'पि.' राहतो.

म्हणून लेकीचा शोध माहेरच्या कागदांत घ्यायचा नाही. तो तिच्या सासरी घ्यायचा. हे मला आमच्या घरच्या शोधात कळलं, पण त्याची मोठी उदाहरणं इतिहासात आहेत.

ओळखीच्या दहा जणांना विचारून बघा: शिवाजी महाराजांना मुलगे किती? संभाजीराजे आणि राजाराम, उत्तर लगेच येतं. मुली किती? इथे बहुतेक जण थांबतात. मुली सहा. सखुबाई, राणूबाई, अंबिकाबाई, दीपाबाई (काही ठिकाणी हिचं नाव बाळीबाई असं येतं), राजकुँवरबाई आणि कमळाबाई. भोसल्यांची वंशावळ उघडली तर त्यांच्याखाली रेघ पुढे जात नाही. मात्र फलटणच्या निंबाळकरांकडे गेलं की सखुबाई भेटतात, जाधवांकडे राणूबाई, महाडिकांकडे अंबिकाबाई, शिर्क्यांकडे राजकुँवरबाई आणि पालकरांकडे कमळाबाई.

आणि या नावांच्या रेघा काढल्या की राजकारणच वेगळं दिसायला लागतं. शहाजीराजांची आई ही फलटणच्या निंबाळकरांची लेक. सईबाई फलटणच्याच. सईबाईंची लेक सखुबाई मामाच्या, म्हणजे बजाजी निंबाळकरांच्या मुलाला, महादजीला दिली. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या दोन घरं एकमेकांत लेकी देत-घेत होती. नुसत्या पुरुषांच्या वंशावळीत भोसले एका पानावर आणि निंबाळकर दुसऱ्या पानावर. लेकी घातल्या की दोन्ही पानं शिवली जातात.

'छावा' आल्यानंतर गणोजी शिर्के हे नाव घराघरांत वादाचं झालं. शिर्क्यांच्या वंशजांनी चित्रपटातल्या चित्रणावर आक्षेपही घेतला. त्या वादात मी जाणार नाही. एवढंच सांगते की गणोजी येसूबाईंचे भाऊ होते हे चर्चेत सगळे सांगत होते. त्यांची बायको राजकुँवर ही संभाजीराजांची बहीण होती, हे क्वचित कुणी सांगत होतं. शिर्क्यांची लेक भोसल्यांकडे, भोसल्यांची लेक शिर्क्यांकडे. गावाकडे याला साटंलोटं म्हणतात. राजकुँवरला मुलगा झाला की दाभोळचं वतन त्याच्या नावे करू, असं महाराजांनी शिर्क्यांना कळवल्याचं इतिहासकार सांगतात. म्हणजे कागदात लेकीचं नाव आलं, पण ते तिला होणाऱ्या मुलासाठी आलं.

अंबिकाबाईंची गोष्ट तर शाळेत कुणी सांगितलीच नाही. त्यांचे पती हरजीराजे महाडिक दक्षिणेत जिंजीचा कारभार बघत. १६८९ मध्ये हरजीराजे वारले. संभाजीराजांच्या हत्येनंतर राजाराम महाराज जिवावर उदार होऊन जिंजीला निघाले, तेव्हा तो किल्ला त्यांच्या या सावत्र बहिणीच्या ताब्यात होता. तिने दार लगेच उघडलं नाही, आधी विरोध केला, असं इतिहासकारांनी लिहून ठेवलं आहे. पुढे जिंजी कित्येक वर्षं मराठ्यांची राजधानी झाली. एवढ्या नाजूक वेळी किल्ल्याच्या आत कोण होतं, हे कळायला महाडिकांची सून आणि भोसल्यांची लेक एकच आहे हे आधी माहीत असावं लागतं.

---

वंशावळीसाठी कम्प्युटरवर एक ठरलेला फाइल फॉरमॅट आहे, जेडकॉम नावाचा. तो शिकताना सरावासाठी ज्या फायली मिळतात त्यांत युरोपातली राजघराणी हटकून असतात. तिथून मी मध्ययुगीन इंग्लंडच्या सरदारांकडे पोचले. वाटलं होतं, तिकडे नोंदी व्यवस्थित, मुलीही असतील. तर तिकडेही मुलगे ठळक आणि मुली गायब. फक्त एक फरक होता.

विल्यम मार्शल हा तिथला फार मोठा सरदार, पेंब्रोकचा अर्ल. १२१९ मध्ये वारला. त्याला पाच मुलगे आणि पाच मुली. पाचही मुलगे एकामागून एक अर्ल झाले आणि पाचही वारस न ठेवता गेले. शेवटचा १२४५ च्या डिसेंबरात. आणि मग अचानक कागदांत पाच बहिणी उगवतात: मॉड, इझाबेल, सिबिल, ईव्हा, जोन. सगळी मालमत्ता त्यांच्यात आणि त्यांच्या मुलाबाळांत वाटली गेली. सिबिलला सात मुलीच होत्या, त्यामुळे तिच्या वाट्याचे पुन्हा सात भाग झाले आणि त्या सातही जणींची नावं आज माहीत आहेत. एखादा भाऊ जरी मूल ठेवून गेला असता, तर या बहिणींबद्दल इतकं कळलं असतं का? मला शंका आहे.

तिकडे राजाकडून जमीन धरलेला माणूस वारला की राजाचा अधिकारी गावातली पंच मंडळी बसवून चौकशी करायचा: जमीन किती, वारस कोण, वय काय. तेराव्या शतकापासून सतराव्यापर्यंतच्या अशा हजारो चौकशा जपून ठेवल्या आहेत. वाचताना मला आमच्या तलाठ्यांची वारस चौकशीच आठवली. हरवलेल्या मुली शोधणाऱ्यांची तिथे अजून एक युक्ती असते. लग्नात मुलीबरोबर जमीन द्यायची पद्धत होती. त्यामुळे एका घराण्याचं शेत पुढच्या पिढीत विनाकारण दुसऱ्या घराण्याकडे दिसलं, तर मधे एखादी लेक असणार असा कयास बांधतात आणि मग तिच्यासाठी पुरावा शोधतात. आपल्याकडे बायकांच्या चोळी-बांगडीसाठी लावून दिलेल्या जमिनी आणि गावं असत. तीही अशीच खूण.

पण मुलगा नसला तर आपल्याकडे काय होई? दत्तक. इंग्लंडमध्ये १९२६ पर्यंत कायदा दत्तक मानतच नव्हता, म्हणून मुलगे संपले की लेकींकडे वळावंच लागे. आपल्याकडे भावकीतला मुलगा मांडीवर घेतला की काम भागे. सातारा असो, नागपूर असो, झाशी असो, डलहौसीच्या काळातला सगळा झगडा दत्तक मानायचा की नाही यावरच होता. आमच्या घरच्या वंशावळीतही चौथ्या पिढीत एक दत्तक आहे. मोठे बाबांनी त्याच्यासाठी तुटक रेघ मारली आहे आणि खाली 'द.' असं लिहिलं आहे. दत्तक आलेल्या मुलाला निदान तुटक रेघ मिळाली. पोटच्या मुलींना तीही नाही.

---

आमच्या घरचा शोध मी आजोबांच्या पिढीपासून सुरू केला. आजोबा धरून तीन भाऊ. बहिणी किती, यावर घरात एकमत नव्हतं. एका बहिणीबद्दल सगळे बोलत: डोणगावची आत्या. नाव? वडील आठवून थकले. लेक सासरी गेली की तिला गावाच्या नावाने ओळखायची पद्धत आहे. मेहकरची आत्या, देऊळगावची मावशी. पुढच्या पिढीला तेवढंच कळतं.

पहिलं ठिकाण कोतवाल बुक. गावातल्या जन्ममृत्यूची जुनी नोंद. नक्कल मिळाली. पणजोबांच्या नावावर पाच जन्म. तीन ठिकाणी 'मुलगा', दोन ठिकाणी 'मुलगी'. नावं कुणालाच नाहीत, कारण नोंद बारशाच्या आधीची. पण मुलांची नावं पुढे शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात आली, सातबाऱ्यावर आली. मुलींच्या बाबतीत पुढचा कागदच नाही. त्यातल्या एका 'मुलगी'ची दोन वर्षांनी मृत्यूची नोंद होती. तीही 'मुलगी' म्हणूनच. घरात ती कुणाला आठवत नाही. माझ्या फायलीत तिची ओळ आहे, नावाचा रकाना मोकळा आहे.

दुसरी डोणगावची आत्या. तिच्या नातवाकडे गेले. त्यांना ती माहीत होती सासरच्या नावाने. त्यांच्या आईने माळ्यावरून एक पितळी घागर काढली. लग्नात वडिलांनी दिलेली. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत किती कामाची आहे, ते मला त्या दिवशी कळलं. काठाजवळ टिंबाटिंबांनी पणजोबांचं नाव, मिती, आणि लेकीचं माहेरचं नाव कोरलेलं. सासरच्या नावाशी त्याचा काही संबंध नव्हता. त्या घरातही ते कुणी कधी वाचलेलं नव्हतं. ते नाव मी इथे लिहीत नाही. जिथे ते नव्हतं तिथे, आमच्या घरच्या कागदावर, ते आता आहे.

तिसरा कागद पणजोबा वारल्यानंतरचा फेरफार. १९५६ चा हिंदू वारसा कायदा तोवर आलेला होता. वडिलांच्या मागे मुलीला वारस म्हणून हिस्सा मिळायला लागला होता. फेरफारात तीन मुलांची नावं आहेत आणि पुढे एक वाक्य: याशिवाय इतर वारस नाहीत. त्या दिवशी आत्या डोणगावात जिवंत होती. लेकराबाळांत होती. दिवाळीला माहेरी येत होती.

ते वाक्य मी बऱ्याच वेळा वाचलं. कुणी दुष्टपणाने लिहिलं असेल असं मला वाटत नाही. विचारलं असेल, "वारस कोण?" सांगितलं असेल, "आम्ही तिघं." त्या तिघांनाही ते खरंच वाटत असणार.

---

दोन वर्षांपूर्वी आजोबा गेले. आता कायदा पुढे गेला आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर विवाहित-अविवाहित हा भेद गेला. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात सांगितलं की २००५ मध्ये वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हक्क जन्मानेच आहे.

त्यामुळे यावेळी वारसांच्या यादीत माझ्या दोन्ही आत्यांची नावं आली. घराण्याच्या कागदावर लेकीचं नाव येण्याची ही पहिली वेळ. आणि लगेच दुसऱ्या कागदाची तयारी सुरू झाली: हक्कसोड. बहिणींनी भावांच्या नावे हिस्सा सोडून दिल्याचा नोंदणीकृत लेख. तो झाला की पुन्हा फेरफार, आणि सातबाऱ्यावर आत्यांच्या नावांना कंस. सातबाऱ्यात नाव कमी करतात तेव्हा ते पुसत नाहीत, त्याला कंस करतात. आपल्या गावचा जुना सातबारा काढून बघा. कंसातली नावं वाचत जा. विकून गेलेले असतील, वारलेले असतील, आणि मधेमधे 'भ्र.' लावलेल्या बहिणी असतील.

मोठी आत्या पहिल्या फोनला तयार झाली. "भावाइचं त्याइलेच राहू दे, मले माहेर पाह्यजे," म्हणाली. तिला माहेर म्हणजे काय ते मी बघितलं आहे. तिच्या नवऱ्याच्या आजारपणात चार महिने माझे वडील आणि मोठे बाबा आळीपाळीने तिच्याकडे राहत होते. जमिनीच्या तुकड्यासाठी हे गमवायचं का, हा तिचा हिशोब खोटा नाही.

धाकटी आत्या म्हणाली, "सही त करतो मी. पण पहिले माह्यं नाव त लागू दे." आमच्याकडे बायाही 'करतो'च म्हणतात. नाव लागलं तेव्हा मी ऑनलाइन सातबारा काढून तिला व्हॉट्सॲपवर पाठवला. तिने परत फोन करून विचारलं, माझं नाव कुठल्या ओळीत आहे? मी सांगितलं, चौथ्या. मग म्हणाली, मोठं करून पाठव.

मोठे बाबांना हे पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, सोडायचंच आहे तर उशीर कशाला. वडील दोघांच्या मधे. आई बोलत नाही. तिने स्वतः तिच्या माहेरी वीस वर्षांपूर्वी सही केली आहे. मी आणि माझा भाऊ यावर बोललो. पुढेमागे आमच्यावरही हाच कागद येणार. मी त्याला सांगितलं की मी हक्कसोड करणार नाही, आणि वडिलांच्या म्हातारपणाचा निम्मा भारही माझा. तो म्हणाला, ठीक आहे, पण हे तू आत्ताच सगळ्यांसमोर सांगून ठेव. अजून सांगितलेलं नाही. या उन्हाळ्यात गावी जाईन तेव्हा सांगणार आहे.

दरम्यान माझ्या फायलीत चौतीसांची एकशे एकवीस नावं झाली आहेत. कॉलेजात ट्री आणि ग्राफ असे दोन प्रकार शिकवतात. ट्रीमध्ये एका मुळापासून फांद्या फुटतात आणि त्या एकमेकींना परत भेटत नाहीत. लेकी आणि सुना घातल्यावर आमची वंशावळ ट्री राहिली नाही. माझ्या आजीचं माहेर आणि डोणगावच्या आत्याचं सासर दोन पिढ्या मागे एकच घर निघालं. म्हणजे आत्या तिकडे दिली, आणि काही वर्षांनी तिथल्या नात्यातली मुलगी आमच्याकडे आली. ती माझी आजी. घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. डोणगावच्या आत्याचं नाव नसतं तर मला माझी आजी या घरात कशी आली तेही कळलं नसतं.

हक्कसोडीवर धाकट्या आत्याची सही अजून झालेली नाही. भाऊबीजेला ती आली होती. दोन्ही भावांना ओवाळलं, जेवली, सातबाऱ्याचा विषय कुणी काढला नाही. निघताना गाडीत बसल्यावर तिने काच खाली केली आणि मला विचारलं, डोणगावच्या आत्याचं ते घागरीवरचं नाव कम्प्युटरात टाकलं का?

टाकलं, म्हटलं.